बिस्किटाचा पुडा, सर्टिफिकेट आणि थँक्यू

सेमिस्टर सुरू होऊन महिना-दीड महिना झाला की नोटीस बोर्डावर एक ठरलेली नोटीस लागते. राष्ट्रीय सेवा योजनेतर्फे रक्तदान शिबिर, स्थळ सेमिनार हॉल, वेळ सकाळी १० ते ४. आणि सगळ्यात खाली, ठळक अक्षरात : ‘प्रत्येक रक्तदात्यास प्रमाणपत्र व आकर्षक भेटवस्तू.’ बाकी नोटीस कुणी वाचत नाही, ही एक ओळ मात्र संध्याकाळपर्यंत सगळ्या विंगमध्ये पोहोचलेली असते. “गेल्या वर्षी टिफिन होता ना रे? यंदा काय?” “बॅग आहे म्हणे.” “मग लिही माझं नाव!”

आता यात वाईट काय, असं तुम्ही विचाराल. कुणी काही दिलं तर त्याचे आभार मानायचे, हातात काहीतरी ठेवायचं, ही आपल्याकडची रीतच आहे. घरी आलेल्या सवाष्णीची ओटी भरल्याशिवाय आई तिला सोडत नाही. मग रक्त देणाऱ्याला नुसतं चहा-बिस्किटावर कसं पाठवायचं?

प्रश्न बरोबर आहे. उत्तर मात्र वाटतं तितकं सरळ नाही. म्हणूनच हा लेख.

सेवाभावी संस्था आणि तिला देणारी माणसं, हे नातं आपल्याकडे फार जुनं. गावच्या देवळात जा, पायरीपायरीवर नावं कोरलेली दिसतील. शाळेतल्या वर्गातला पंखा आठवा. त्याच्या पात्यावर ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ’ असं लाल रंगात लिहिलेलं असतं (लाइट गेल्याशिवाय ते वाचता येत नाही, म्हणजे पंखा चालू असेपर्यंत देणगीदार अदृश्य, ही गंमत मला शाळेतच लक्षात आली होती). पैशाच्या देणगीत पहिलं आभारपत्र म्हणजे पावती. ती वेळेवर, नाव न चुकता, बरोबर रकमेची मिळाली, तर माणसाला वाटतं की इथे आपला पैसा मोजला गेलाय. ‘लोकसत्ता’ने २०११ साली गणेशोत्सवात ‘सर्वकार्येषु सर्वदा’ हा उपक्रम सुरू केला. त्यात संस्थांची ओळख करून द्यायची, वाचकांनी चेक पाठवायचे आणि देणाऱ्यांची नावं पेपरात छापायची, अशी पद्धत. पेपरात आपलं नाव बारीक टायपात का होईना शोधून काढणारे आजोबा तुमच्याही घरात असतील. त्यात लाजण्यासारखं काही नाही. नाव छापल्याने कुणाचं नुकसान होत नाही आणि संस्थेला पुढच्या वर्षी तेच आजोबा पुन्हा चेक देतात.

पण रक्ताचं तसं नाही. इथे आभार चुकीच्या पद्धतीने मानले तर तिसऱ्याच माणसाला त्याची किंमत मोजावी लागते. कशी, ते जरा नीट पाहू.

शंभराची नोट कुणी भक्तीने दिली, कुणी मिरवायला दिली, कुणी टॅक्स वाचवायला दिली, तरी दुकानात ती शंभराचीच नोट असते. देणाऱ्याचा हेतू नोटेत उतरत नाही. रक्ताच्या पिशवीत तो उतरतो. शिबिरात सुई टोचण्याआधी एक फॉर्म भरून घेतात, आठवतंय? कावीळ झाली होती का, मलेरिया होऊन तीन महिने झाले का, वर्षभरात टॅटू काढलाय का, कुठलं औषध चालू आहे, आणि काही अगदी खाजगी प्रश्न. आपण तो फॉर्म मागच्या मुलाकडून पेन घेऊन, सगळीकडे ‘नाही’वर टिक करत वीस सेकंदांत उरकतो. सबमिशनच्या फाइलवर इंडेक्स लिहावा तसा!

यावर नेहमीचं म्हणणं असं की, “टेस्ट करतात की नंतर.” करतात. एचआयव्ही, कावीळ ‘बी’ आणि ‘सी’, गुप्तरोग (सिफिलिस) आणि मलेरिया या पाच तपासण्या आपल्याकडे प्रत्येक पिशवीच्या होतात. पण विषाणू शरीरात शिरल्यापासून तपासणीत दिसेपर्यंत काही काळ जातो. त्याला ‘विंडो पीरियड’ म्हणतात. टेस्ट जितकी चांगली तितका हा काळ कमी, पण शून्य होत नाही. इन्स्ट्रुमेंटेशनवाल्यांना सांगायला नको, प्रत्येक सेन्सरला एक मर्यादा असते, त्याखालचा सिग्नल त्याला दिसत नाही. त्या काळात रुग्णाच्या आणि त्या रक्ताच्या मध्ये एकच चाळणी उरते : रक्त देणाऱ्याचं खरं बोलणं.

आणि एखाद्याने खोटं बोलावं असं नेमकं कधी वाटतं? खरं बोलल्यावर हातची वस्तू जाते तेव्हा.

हे पुस्तकी भय नाही. आपल्या देशात रक्त विकणाऱ्यांचा धंदा कितीतरी वर्षं उघडपणे चालत होता. पैशाची गरज असलेला माणूस महिन्यातून अनेकदा, वेगवेगळ्या रक्तपेढ्यांत जाऊन रक्त द्यायचा. आजार सांगितला तर पैसे बुडणार, मग कशाला सांगेल? शेवटी ‘कॉमन कॉज’ या संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ४ जानेवारी १९९६ रोजी निकाल दिला की दोन वर्षांत हा प्रकार बंद करा. त्यानुसार १ जानेवारी १९९८ पासून पैसे घेऊन रक्त देण्यावर बंदी आली. रक्तपेढीत आपण जे पैसे भरतो ते रक्ताचे नसतात, तपासणी आणि साठवणुकीचे असतात. २००२ साली आलेल्या राष्ट्रीय रक्त धोरणानेही भर दिला तो स्वेच्छेने आणि मोबदला न घेता दिलेल्या रक्तावरच.

इंग्लंडमधले रिचर्ड टिटमस नावाचे प्राध्यापक १९७० सालीच हे सांगून गेले होते. ‘द गिफ्ट रिलेशनशिप’ या पुस्तकात त्यांनी ब्रिटनमधलं फुकट दिलेलं रक्त आणि अमेरिकेतलं विकत घेतलेलं रक्त यांची तुलना केली. त्यांचं म्हणणं दुहेरी होतं. एक, विकतचं रक्त जास्त धोक्याचं. दोन, पैसे द्यायला लागलात की जे मनापासून देत होते तेसुद्धा मागे सरतात. या वादानंतर अमेरिकेने १९७८ पासून प्रत्येक पिशवीवर लेबल सक्तीचं केलं : हे रक्त स्वयंसेवी दात्याचं की मोबदला घेतलेल्या दात्याचं. आणि तिथल्या औषध प्रशासनाने भेटवस्तूसाठी एक साधी कसोटी लावली. ती वस्तू सहज रोख पैशात बदलता येते का? येत असेल तर तो मोबदला. सुट्टी दिली तर मोबदला नाही, पण विकता येणारी वस्तू दिली तर लेबल बदलणार. इंजिनियरला आवडावी अशी ही कसोटी आहे, कारण तिच्यात देणाऱ्याच्या मनात शिरून बघावं लागत नाही.

टिटमस यांचं दुसरं म्हणणं खरं की खोटं, यावर अर्थशास्त्रज्ञ बरीच वर्षं भांडले. २००८ साली स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या एका प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मेलस्ट्रॉम आणि योहानेसन या दोघांनी तरुण मुलामुलींना विचारलं की रक्तदाता होण्यासाठीची आरोग्य तपासणी कराल का? नुसतं विचारल्यावर मुलींपैकी ५२ टक्के तयार झाल्या. दुसऱ्या गटाला ५० क्रोनर देऊ केले, तर मुलींचं प्रमाण ३० टक्क्यांवर आलं! तिसऱ्या गटाला सांगितलं की हवे असतील तर ते ५० क्रोनर तुम्ही एका धर्मादाय संस्थेला देऊ शकता. प्रमाण पुन्हा ५३ टक्के. मुलांवर मात्र तसा ठळक परिणाम दिसला नाही. (यावरून मुलांबद्दल काय निष्कर्ष काढायचा ते लेडीज हॉस्टेलने ठरवावं.)

आता दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर लेख एकतर्फी होईल. अमेरिकेत ओहायो राज्यात लासेटेरा, मासिस आणि स्लोनिम या तिघांनी रेडक्रॉसच्या खऱ्याखुऱ्या शिबिरांत ५, १० आणि १५ डॉलरची गिफ्ट कार्डं देऊन पाहिली. कार्ड जितकं मोठं तितकी गर्दी जास्त. त्यातली काही माणसं शेजारच्या शिबिरातून पळवलेली होती हे खरं, पण गर्दी वाढली. म्हणजे ‘भेटवस्तू दिली की रक्तदान कमी होतं’ असं सरसकट म्हणता येत नाही.

मला विचाराल तर दोन्ही खरं आहे, आणि प्रश्न वस्तू किती मोठी आणि घेणारा किती गरजू एवढाच आहे. पेन दिलं म्हणून कुणी कावीळ लपवणार नाही. पण महिनाअखेरीला, घरून मनीऑर्डर किंवा यूपीआय यायच्या आधी, पाचशे रुपयांची बॅग समोर दिसली तर? २०२० च्या डिसेंबरात मुंबईत रक्ताचा तुटवडा होता तेव्हा प्रभादेवीत एका शिबिरात रक्तदात्याला एक किलो चिकन, आणि शाकाहारी असेल तर पनीर जाहीर झालं होतं. पेपरांत ही बातमी गंमत म्हणून आली. वेळ अडचणीची होती, आयोजकांच्या हेतूवर मी शंका घेत नाही. पण लॉकडाऊनने ज्याची रोजची मजुरी बुडाली होती, त्याला तो फॉर्म भरताना काय वाटलं असेल याचा विचार करून पाहा.

आपल्याकडे तर चिकनपेक्षा जबरदस्त चलन आहे : अटेंडन्स! ‘रक्तदान करणाऱ्यास दिवसभराची हजेरी’ ही घोषणा ऐकल्यावर डिटेन्शनच्या काठावरचा मुलगा आदल्या रात्रीचा ताप सांगेल का? अटेंडन्स पैशात बदलत नाही हे कबूल, पण तिचा भाव आपल्या सगळ्यांना पाठ आहे. सर लोकांना या पानावरून नम्र विनंती, की हजेरी द्यायचीच असेल तर शिबिराच्या हॉलमध्ये येऊन फॉर्म भरणाऱ्या प्रत्येकाला द्या. मग त्याने रक्त दिलेलं असो किंवा डॉक्टरांनी परत पाठवलेलं असो. एवढ्या एका बदलाने खोटं बोलण्याचं कारणच निघून जातं.

आणि परत पाठवलेल्यांबद्दलच मला जास्त बोलायचंय, कारण त्यांचे आभार कुणीच मानत नाही. निकष ठरलेले आहेत. वय किमान १८, वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन किमान १२.५. मेसच्या जेवणावर हे जमवणं सोपं नाही आणि मुलींच्या बाबतीत तर हिमोग्लोबिनवरच गाडी अडते. एखादी मुलगी सुईला घाबरत असूनही हिय्या करून येते, बोटाला टोचून घेते, आणि टेबलामागून आवाज येतो, “कमी आहे, तुम्ही नाही चालत.” बस्स. मागे मैत्रिणी उभ्या. ना चहा, ना बिस्किट, ना सर्टिफिकेट. ती पुढच्या वर्षी पुन्हा येईल का? वास्तविक तिने द्यायचं ठरवलेलं होतं. तिचं येणं आणि खरं सांगणं हेच शिबिराला हवं असतं. तिला बाजूला बसवून, नाश्त्याची तीच प्लेट देऊन, “डॉक्टरांना भेट, आकडा वाढला की ये, आम्ही वाट बघू,” एवढं सांगायला एक स्वयंसेवक वेगळा नेमा. शक्यतो मुलगीच. मला वाटतं शिबिरातलं हे सगळ्यात महत्त्वाचं टेबल आहे, आणि बहुतेक शिबिरांत ते नसतंच.

याच्याशीच जोडलेली दुसरी गोष्ट म्हणजे नावांची यादी. शिबिर झालं की उत्साही कार्यकर्ते रक्तदात्यांची नावं बोर्डावर लावतात. हेतू चांगला. पण समजा, रूम नंबर १२ मधले चौघं सकाळी बरोबर गेले आणि यादीत तीनच नावं आहेत. चौथ्याला का परत पाठवलं? लगेच तर्क सुरू. हॉस्टेलमध्ये तर्काला काय लागतं! शिवाय रक्तपेढीच्या तपासणीत काही निघालं तर ते त्या दात्यालाच, खाजगीत बोलावून सांगायचं असतं, मित्राकरवी निरोप धाडायचा नसतो. अशा वेळी दुसऱ्या वर्षी त्याचं नाव यादीत नसणं म्हणजे पुन्हा चर्चा. म्हणून नावं लावायची तर ज्याने फॉर्मवर तशी परवानगी दिली त्याचंच लावा, आणि शीर्षक ‘रक्तदाते’ऐवजी ‘शिबिरात सहभागी’ ठेवा. त्यात परत गेलेलेही आले आणि स्वयंसेवकही.

मग आभार मानायचे तरी कसे? सगळं काढून घेतल्यावर राहिलं काय?

राहिलं ते बरंच आहे, आणि त्याला पैसेही लागत नाहीत. रक्त देऊन झाल्यावर दहा-पंधरा मिनिटं बसवून ठेवतात, त्या वेळी मुलगा एकटा बिस्किट खात मोबाइल बघत असतो. तिथे कुणीतरी त्याच्या शेजारी बसावं आणि त्याच्या रक्ताचं आता पुढे काय होणार ते सांगावं. एका ३५० मिलीच्या पिशवीतून तांबड्या पेशी, प्लेटलेट्स आणि प्लाझ्मा वेगळे काढता येतात. प्लेटलेट्स पाचच दिवस टिकतात, तेही सतत हलवत ठेवून. तांबड्या पेशी ३५ ते ४२ दिवस फ्रिजमध्ये. प्लाझ्मा गोठवून वर्षभर. म्हणजे तुमची एक पिशवी तीन वेगळ्या माणसांकडे जाऊ शकते : एखादा डेंग्यूचा पेशंट, एखादी बाळंतीण, एखादा भाजलेला. मेकॅनिकलच्या पोरालासुद्धा हे ऐकून बरं वाटतं, मी पाहिलंय.

स्टॉकहोमच्या रक्तपेढीने याच्याही पुढचं पाऊल टाकलं. तुमचं रक्त रुग्णाला दिलं गेलं की तुमच्या मोबाइलवर एसएमएस येतो. नाव नाही, गाव नाही, फक्त एवढंच की ते वापरलं गेलं. २०१५ साली ही बातमी जगभर गेली. भेटवस्तूच्या खर्चाच्या मानाने हा खर्च काहीच नाही. आपल्या कॉम्प्युटर आणि आयटीवाल्यांना दरवर्षी फायनल इयर प्रोजेक्टला विषय सापडत नाही (आणि मग तेच लायब्ररी मॅनेजमेंट!). जवळच्या रक्तपेढीशी बोलून, पिशवीवरच्या नंबरावरून दात्याला असा संदेश पाठवणारी व्यवस्था करून द्या की. फक्त डेटा रक्तपेढीतच राहील असं बघा, पेनड्राइव्हवरून हॉस्टेलवर आणू नका.

पण संदेश आणि फोन म्हणजे जादू, असंही नाही. अमेरिकेतल्या सार्वजनिक टीव्ही केंद्रांनी वर्षानुवर्षं नव्या देणगीदारांना आभाराचे फोन केले. समेक आणि लाँगफील्ड यांनी पाच लाखांहून जास्त देणगीदारांची आकडेवारी तपासली, तर फोन आलेले आणि न आलेले यांच्या पुढच्या देणगीत काही फरक निघाला नाही. या क्षेत्रातल्या अनुभवी लोकांचा अंदाज मात्र होता की मोठा फरक पडेल. ते फोन देणगीनंतर काही महिन्यांनी, ठरलेली वाक्यं वाचून केलेले होते. ‘आपल्या बहुमोल सहकार्याबद्दल आम्ही आपले ऋणी आहोत’ हे वाक्य किती जणांनी शेवटपर्यंत ऐकलं असेल देव जाणे. याउलट अॅडम ग्रँट या मानसशास्त्रज्ञाचा २००७ चा प्रयोग पाहा. एका विद्यापीठात माजी विद्यार्थ्यांकडून फोनवर देणग्या गोळा करणारी मुलं होती. त्या पैशातून स्कॉलरशिप मिळालेल्या एका विद्यार्थ्याला त्यांनी फक्त पाच मिनिटं भेटवलं. त्यानंतर महिन्याभराने पाहिलं तर ती मुलं फोनवर घालवत असलेला वेळ दुपटीहून जास्त झाला होता, आणि जमा होणारी रक्कमही. त्या विद्यार्थ्याने काही भाषण ठोकलं नव्हतं. तो समोर येऊन बोलला, एवढंच.

हे स्वयंसेवकांबद्दल झालं, आणि तोच धागा आपल्या शिबिराला लावा. एनएसएसचा नियम वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४० तास आणि सात दिवसांचा कॅम्प. शेवटी सगळ्यांना एकसारखं सर्टिफिकेट. ज्याने रात्री दोनपर्यंत गाद्या आणि टेबलं वाहिली त्यालाही तेच, आणि जो फक्त ग्रुप फोटोला आला त्यालाही तेच. यावर उपाय फार सोपा आहे. सर्टिफिकेटवर दोन ओळी मोकळ्या ठेवायच्या आणि हाताने लिहायचं, याने नेमकं काय केलं. ‘नोंदणी टेबल सांभाळले, चक्कर आलेल्या तिघांजवळ बसून राहिला.’ इंटरव्ह्यूला बसल्यावर कंपनीवाल्यांना दाखवायलाही तेच उपयोगी पडतं.

शिवाय काही लोक कुठल्याच यादीत नसतात. त्या दिवशी सकाळी सहाला मेसमध्ये येऊन दोनशे जणांचे पोहे करणाऱ्या मावशी. हॉल उघडून, पंखे सुरू करून, नंतर फरशी पुसणारे शिपाई मामा. रक्तपेढीच्या गाडीचे ड्रायव्हर काका, जे बर्फाच्या पेट्या सांभाळत दिवसभर गाडीतच बसतात आणि ज्यांना नाश्ता विचारायचा राहून जातो. प्रमुख पाहुण्यांच्या शाल-श्रीफळाचा खर्च वाचवा आणि यांना स्टेजवर बोलावून त्यांच्या नावाने आभार माना. मात्र आधी त्यांचं पूर्ण नाव विचारून घ्या. ‘आमच्या मेसच्या मावशी’ म्हणून माइकवर पुकारणं म्हणजे आभार नव्हेत.

शेवटची बाब तारखेची. पुरुषांना दोन रक्तदानांत ९० दिवसांचं आणि स्त्रियांना १२० दिवसांचं अंतर ठेवावं लागतं. आपलं शिबिर ऑगस्टमध्ये झालं तर मुलं नोव्हेंबरअखेर आणि मुली डिसेंबरअखेर पुन्हा देऊ शकतात. रक्ताची खरी टंचाई असते ती दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीत, कारण तेव्हा सगळी कॉलेजं बंद. एकाच दिवशी दोनशे पिशव्या जमवून बॅनर लावण्यापेक्षा त्याच दोनशे जणांना त्यांची त्यांची तारीख कळवली आणि त्यातले वीस जरी सुट्टीत आपापल्या गावच्या किंवा तालुक्याच्या रक्तपेढीत जाऊन आले, तरी तिथल्या टेक्निशियनचा जीव भांड्यात पडेल. नोंदणीच्या रजिस्टरमध्ये ‘पुन्हा केव्हा’ असा एक कॉलम आखायचा आहे. रजिस्टर एनएसएसच्या खोलीत, डाव्या कपाटात असतं. किल्ली शिपाई मामांकडे मिळेल.